मुरलीने केलेली म्हाताऱ्यांची मोजणी

वाघझरी गावात एक भोळा गडी राहत होता, मुरली त्याचं नाव. भोळी माणसं तशी वाघझरीत पैशाला पासरी. आम्ही सगळे त्याच मातीचे, कुणी कुणाला हसावं? पण आमचा खुळेपणा घरातल्या घरात राहिला आणि मुरलीचा कागदावर उतरला, म्हणून गोष्ट त्याची सांगायची.

मुरलीला आईबाप नव्हते. गोजराआत्याने त्याला लहानाचा मोठा केला. आत्या आता बहात्तरची झाली होती. दोन्ही गुडघे धरलेले. दवाखाना तालुक्याला, एसटीने सव्वा तास. मागच्या शिमग्यात ती एसटीच्या पायरीवरून घसरली आणि चांगली तोंडावर आपटली. तेव्हापासून लाल गाडी नुसती दिसली तरी ती पाठ फिरवून घराकडे वळायची. म्हणायची, "मुरल्या, दुखणं सोसंल मी, पण ती पायरी नको रे बाबा."

अशात गावात डॉक्टर मिरजकर मॅडम आल्या. म्हातारपणी माणसं पडतात का, आणि पडू नयेत म्हणून काय करावं, याचा अभ्यास बारा गावांत चालला होता. प्रत्येक गावात तीस म्हातारी माणसं निवडायची, त्यांना प्रश्न विचारायचे, चालवून बघायचं, आठवण किती राहते ते बघायचं, आणि एकेकाचा फॉर्म भरायचा. ज्या चार गावांचे फॉर्म सगळ्यांत विश्वासाचे ठरतील, त्या गावांत पुढची तीन वर्षं दर बुधवारी डॉक्टर येणार होते. गावातच. देवळासमोर. एसटी नाही आणि पायरीही नाही.

फॉर्म भरायला गावातलाच, बारावी झालेला, अक्षर चांगलं असलेला माणूस हवा होता. असा एकच होता. आम्ही मुरलीचं नाव सांगितलं आणि वर शिफारसही केली. आता बोला!

आत्याने मुरलीचा हात धरला. "तेवढा बुधवार मिळव, मुरल्या. आजवर मी तुझ्याकडं काही मागितलं न्हाई."

"मिळवतो की," मुरली म्हणाला.

मॅडमनी मुरलीला समोर बसवून नीट समजावलं. "हे बघ मुरली, बारा गावांत बारा माणसं हे काम करणार. प्रत्येकाने आपल्या मनाने विचारलं, तर इथला आकडा तिथल्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाही. म्हणून पद्धत एकच. कागदावर जे छापलंय ते शब्दन् शब्द वाचायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही."

"ध्यानात राहिलं," मुरली म्हणाला.

आणि राहिलं, तीच तर पंचाईत.

पहिले होते कृष्णाआबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकेकाळचे पैलवान, लिंबू ठरेल अशा मिशा. मुरलीने फॉर्म उघडला आणि खणखणीत वाचलं, "आपलं पूर्ण नाव सांगा. इथं थांबा. उत्तराची वाट पाहा."

"कुठं थांबू?" आबा म्हणाले.

"इथं."

आबा थांबले. मुरलीही थांबला. अर्धा तास झाला.

"कुणाची वाट बघतोय रं आपण?"

"उत्तराची."

"ते कुठनं यायचंय?"

"छापलेलं नाही, आबा."

दोघं जेवणवेळेपर्यंत बसून राहिले. शेवटी आबांची सून बाहेर आली आणि तिने नाव सांगितलं, म्हणून गाडी पुढे सरकली. पण पुढचं पान बायकांसाठी होतं. गाळायचं तर काहीच नव्हतं.

"तुमची बाळंतपणं किती झाली?" मुरलीने वाचलं.

"काय म्हणलास?"

"घरी झाली की दवाखान्यात?"

आबांनी काठी हातात घेतली.

"एखाद्या वेळी टाके पडले होते का?"

मुरली पळाला तो थेट पारापर्यंत. तिथे बसून त्याने लिहिलं: उत्तर देण्यास नकार.

मॅडमनी फॉर्म वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे मुरली, समोर बसलेल्या माणसाकडे बघशील की नाही जरा? एवढ्या मिशा दिसत नाहीत? जे उघड दिसतंय ते विचारत बसायचं नाही, लिहून टाकायचं."

"माझ्या डोक्यात देवाने भुसा भरलाय, मॅडम," मुरली म्हणाला. "पण आता ध्यानात राहिलं."

दुसऱ्या दिवशी तो चंद्राक्काच्या अंगणात गेला. काही बोललाच नाही. समोरून बघितलं, डावीकडून बघितलं, मागे जाऊन बघितलं.

"काय रं?" चंद्राक्का म्हणाली. "म्हस घ्यायला आलाईस व्हय?"

"बोलू नका, आक्का. दिसतंय ते लिहितोय."

लिहून झाल्यावर त्याने फॉर्म कट्ट्यावर ठेवला आणि पाणी मागितलं. चंद्राक्काच्या सुनेने तो उचलून मोठ्याने वाचला. "वय: एकशे दहा. दात: संपले. स्वभाव: तापट."

चंद्राक्का एकोणसत्तर वर्षांची होती. दात सगळे शाबूत होते, नुसतं तोंड मिटलेलं होतं. स्वभावाचा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच, तो मुरलीने दिसला म्हणून लिहिला. मग जो झाडू निघाला तो मुरलीने वेशीपर्यंत पाठीवर घेतला. स्वभावाबद्दल मात्र त्याचं काही चुकलं नव्हतं, हे आमच्यातलं कुणीही सांगेल.

"मुरली, अंदाजपंचे लिहायचं नाही रे!" मॅडम म्हणाल्या. "आकडा म्हणजे आकडा. मोजल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही. समजलं?"

"समजलं. माझ्यासारखा मठ्ठ पंचक्रोशीत सापडायचा नाही," मुरली म्हणाला. "पण आता ध्यानात राहिलं."

तिसरे दामूअण्णा. बिचारे सरळमार्गी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे. फॉर्मवर प्रश्न होता: दिवसातून लघवीला किती वेळा जाता?

"असंल पाच-सहा वेळा," अण्णा म्हणाले.

"अंदाज चालत नाही, अण्णा. मोजावं लागंल."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मुरली वही-पेन घेऊन अण्णांच्या मागे. अण्णा गोठ्यात, मुरली गोठ्यात. अण्णा बांधावर, मुरली बांधावर. अण्णा बाभळीच्या आडोशाला गेले, तर मुरली पलीकडून डोकावला.

"आरं, तू हितनं हाल की जरा!" अण्णा कळवळून म्हणाले.

"हललो तर मोजणार कोण?"

आता तुम्हीच सांगा, असा कारकून समोर उभा राहिल्यावर कुणाला होईल? अण्णांना काही झालं नाही. दिवस मावळताना मुरलीने स्वच्छ अक्षरात लिहिलं: शून्य.

मॅडमनी सकाळी तो फॉर्म वाचला. दिवसभरात शून्य! त्यांनी तालुक्याला फोन लावला. तासाभरात ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत गावात शिरली, आणि भाकरी खात बसलेल्या दामूअण्णांना उचलून आडवं घातलं.

"आरं, पण मला झालंय काय?" अण्णा ओरडले.

"काहीच झालं नाही, अण्णा," मुरली धीर देत म्हणाला. "तोच तर आजार आहे."

अण्णा संध्याकाळी परत आले. मॅडमनी त्यांची हात जोडून माफी मागितली आणि मुरलीला बाजूला घेतलं. "माणूस अवघडलेला असताना मोजलं तर आकडा खोटा येतो, मुरली. आधी माणूस निवांत व्हायला हवा. पाच मिनिटं शांत बसू दे, श्वास खाली बसू दे, मग मोज."

"एवढी साधी गोष्ट मला कळू नये! दगडाला कळली असती," मुरली म्हणाला. "पण आता ध्यानात राहिलं."

मग आल्या शेवंताकाकू. त्यांची चालण्याची चाचणी होती. देवळासमोर चुन्याच्या दोन रेघा, मधे चार मीटर अंतर. या रेघेवरून त्या रेघेवर नेहमीच्या चालीने जायचं, आणि किती सेकंद लागले ते घड्याळ लावून बघायचं. एवढंच.

काकूंनी एक पाऊल टाकलं.

"थांबा, काकू. श्वास हलला. पाच मिनिटं बसा."

काकू बसल्या. पाच मिनिटं झाली. उठून दुसरं पाऊल टाकलं.

"परत हलला. बसा."

पारावरचे आम्ही सगळे बघत होतो. एकालाही वाटलं नाही की यात काही चुकतंय. उलट आम्ही म्हणत होतो, किती काळजी घेतात बघा म्हाताऱ्या माणसांची! कुणीतरी काकूंना चहासुद्धा आणून दिला. चार मीटरला सदतीस मिनिटं लागली. मुरलीने तेवढी लिहिली. ह्याच शेवंताकाकू रोज डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन मळ्यातून तरातरा येतात, हे वेगळं.

मोठ्या ऑफिसातून मॅडमना फोन आला, की तुमच्या गावातली ही बाई चालते की उगवते?

मॅडमचा आवाज आता बारीक झाला होता. "मुरली. घड्याळ चालू आणि काम सुरू, की मधे पडायचं नाही. बोलायचं नाही. हात लावायचा नाही. नुसतं उभं राहून शेवटपर्यंत बघायचं आणि वेळ लिहायची. एवढं तरी करशील?"

"करतो, मॅडम. माझ्यापायी तुम्हाला ताप. पण आता ध्यानात राहिलं."

दोन दिवस बरे गेले. पंधरा माणसं नीट चालली, मधे कुणी पडलं नाही, वेळा बरोबर आल्या. झालेले एकोणीस फॉर्म पिशवीत घालून मुरली विसाव्या माणसाकडे निघाला. वाटेत चंद्राक्काच्या अंगणात टेकला. पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि घड्याळाला किल्ली देऊन बघत बसला. घड्याळ चालू झालं. आणि त्याच वेळी चंद्राक्काच्या शेळीने पिशवीत तोंड घातलं.

मुरलीने बघितलं. घड्याळ चालू होतं. कामही सुरू झालेलं होतं.

तो हाताची घडी घालून उभा राहिला.

शेळीने पहिल्यांदा दामूअण्णा खाल्ले. मग शेवंताकाकू. समोर बाजेवर चंद्राक्का बसली होती, ती काही उठली नाही. "एकशे धा वर्षांच्या बाईला कुठं पळवतंय," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मुरलीने मॅडमच्या हातात एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: शेळी. एकोणीस फॉर्म. दोन मिनिटं बारा सेकंद. मधे पडलो नाही.

मॅडम देवळाच्या पायरीवर मटकन खाली बसल्या. गोजराआत्या काठी टेकत आली. तिला सगळं कळलं होतं. तिने काही आरडाओरडा केला नाही, नुसतं विचारलं, "बुधवार गेला का वो, बाई?" आणि पदराने डोळे पुसायला लागली. ते बघून मुरलीही रडायला लागला. खरंच रडला, लहान पोरासारखा. त्याचा आत्यावर जीव होता, त्यात काही खोट नव्हती.

मॅडमना राहवलं नाही. "नाही गेला अजून, आत्या. चार दिवस आहेत. पुन्हा भरू." मग मुरलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू! डोळ्यांदेखत काही हातचं जायला लागलं तर मदत करायची, मुरली! तोंड दिलंय ना देवाने? हात दिलेत ना? नुसतं बघत उभं राहायचं नाही!"

"न्हाई राहणार," मुरली डोळे पुसत म्हणाला. "शेळी माझ्यापेक्षा हुशार निघाली. पण आता ध्यानात राहिलं."

पुन्हा फॉर्म सुरू झाले. या वेळी आठवणीची चाचणी राहिली होती. तीन शब्द सांगायचे: कंदील, जांभूळ, चप्पल. इकडचं तिकडचं बोलायचं आणि पाच मिनिटांनी विचारायचं, सांगा बघू, कोणते तीन शब्द होते?

कृष्णाआबांना एकही आठवेना. आबा कावरेबावरे झाले. त्यांच्या हातचं काहीतरी जात होतं, हे मुरलीला स्पष्ट दिसलं. त्याने पाय वर उचलून आबांच्या नाकासमोर हलवला.

"चप्पल!" आबा ओरडले.

मुरलीने जीभ बाहेर काढून बोटाने दाखवली.

"भूक?"

मुरलीने नकाराची मान हलवली, झाडावर चढल्यासारखं केलं, वरून काहीतरी तोडून खाल्लं आणि पुन्हा जीभ दाखवली.

"जांभूळ!" आबांना घाम फुटला होता, पण खूश झाले.

कंदिलासाठी मुरलीने घरातून कंदीलच आणला.

तीस जणांना तीनपैकी तीन. त्यात तान्हूबाबाही आले, जे स्वतःच्या थोरल्या लेकाला "पाव्हणं कुठल्या गावचं?" म्हणून विचारतात. त्या दिवशी वाघझरीत विसरभोळं माणूस औषधालाही उरलं नव्हतं. आम्ही तर छाती फुगवून फिरत होतो, की बघा आमच्या गावचं पाणी!

मॅडमनी एकेक फॉर्म पुढे ओढला आणि एकेक बाजूला टाकला. रागवायचंही त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं. "मुरली, नीट ऐक. कुणी काही विसरलं, तर आठवण करून द्यायची नाही. जीभ नाही, पाय नाही, कंदील नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. बरोबर की चूक तेही सांगायचं नाही. त्याने कितीही विनवलं तरी नाही. त्याला जेवढं आठवेल तेवढं लिहायचं. आठवण त्याची पाहिजे, तुझी नको."

"मदत कुठं करावी आणि कुठं नाही, हे कळायलाही डोकं लागतं, मॅडम. माझ्याकडं नुसता फेटा आहे," मुरली म्हणाला. "पण आता ध्यानात राहिलं."

मॅडमनी मात्र यापुढे भरवसा ठेवला नाही. उरलेले तीन दिवस त्या स्वतः शेजारी बसल्या आणि सगळं पहिल्यापासून करून घेतलं. त्या विचारायच्या, मुरली लिहायचा. तीस फॉर्म झाले. मोत्यासारखं अक्षर, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

आणि शेवटच्या दिवशी मोठे बर्वेसाहेब जिल्ह्याहून जीप घेऊन आले. बारा गावांचा अभ्यास त्यांच्या हाताखाली चालला होता. त्यांनी तीसही फॉर्म चाळले, चार म्हाताऱ्यांना बोलावून पडताळून बघितलं, आणि चष्मा काढून म्हणाले, "मिरजकर, असं काम मला अकरा गावांत दिसलं नाही. वाघझरीचा बुधवार नक्की!"

त्यांनी तिथेच मंजुरीचा कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला. म्हणाले, "हा आज पाचच्या आत माझ्या हाताने ऑफिसात टेबलावर पडला पाहिजे. पाचला यादी बंद होते. नंतर तीन वर्षं कुणी विचारत नाही."

गोजराआत्याला काय करू नि काय नको असं झालं. तिने साहेबांना पिठलं-भाकरी वाढली, ताटाजवळ बसून वारा घातला, घरच्यांसाठी शेवयाच्या लाडवांचा डबा भरून दिला. मग दोन्ही हात जोडून म्हणाली, "सायेब, त्या पायरीतनं सोडवलंत मला." साहेबांचेही डोळे जरा ओले झाले.

तीन वाजता साहेब निघाले. मॅडम देवळात नारळ फोडायला गेल्या, आम्ही सगळे त्यांच्या मागे खोबऱ्यासाठी गेलो. जीपपर्यंत पोचवायला मुरली एकटाच होता.

साहेब जीपपाशी आले आणि थबकले. खिसे चाचपले. "अरे, माझं काहीतरी राहिलंय."

मुरलीने मागे बघितलं. आत्याच्या घरापुढच्या कट्ट्यावर तीन वस्तू होत्या: चष्मा, डबा आणि मंजुरीचा कागद. त्याने ओठ घट्ट मिटले.

"काय राहिलं असेल हो?" साहेब म्हणाले.

"घाई नाही, साहेब. निवांत आठवा."

"हां! चष्मा." साहेब गेले आणि चष्मा डोळ्यांवर चढवून आले. "अजून काहीतरी होतं बघा."

मुरलीने नजर जीपच्या चाकावर लावली.

"डबा! आजीबाईंचा डबा." साहेबांनी तोही आणला. मग जीपमध्ये एक पाय ठेवून पुन्हा थांबले. "अजून काहीतरी वाटतंय. हल्ली फार होतं असं. राहिलंय का हो काही?"

"बरोबर की चूक ते सांगता येत नाही, साहेब."

"तुम्हाला माहीत असेल तर सांगा की, भले गृहस्थ. लांब जायचंय मला."

"आठवण तुमची पाहिजे, माझी नको," मुरली म्हणाला. त्याला साहेबांची दया येत होती. जीभ शिवशिवत होती, हात कट्ट्याकडे ओढत होते. पण एकदाचं त्याने मन घट्ट केलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

साहेबांनी मान झटकली, जीपमध्ये बसले आणि गेले. धूळ खाली बसली. मुरलीने कट्ट्यावरचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून घडी करून खिशात ठेवला.

आम्ही खोबरं खात होतो, हसत होतो. आत्या पहिल्यांदाच काठी बाजूला ठेवून बसली होती आणि पुढच्या बुधवारी कोणतं लुगडं नेसायचं ते शेवंताकाकूला सांगत होती. पाच वाजून पाच मिनिटांनी मॅडमचा फोन वाजला. साहेब होते. मॅडमचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "कागद पोचला नाही. साहेबांकडे नाहीच आहे. यादी बंद झाली."

"तो होय?" मुरली म्हणाला आणि त्याने खिशातून घडी काढली. "हा काय. साहेब विसरले."

"आणि तू बघितलंस?"

"बघितलं, मॅडम. फार विनवलं त्यांनी, पण मी ओठसुद्धा हलवले नाहीत." मुरलीने दुसऱ्या खिशातून एक नवा करकरीत फॉर्म काढला. तो भरलेला होता. नाव: बर्वेसाहेब. शब्द: चष्मा, डबा, कागद. आठवले: तीनपैकी दोन.

मॅडम खाली बघत राहिल्या. गोजराआत्याने हात लांब करून काठी ओढून घेतली आणि कशीबशी उठली.

"मुरल्या," ती म्हणाली, "त्यांना न्हाई आठवलं. पर तुला तर आठवत हुतं न्हवं?"

"मला तिन्ही आठवत होते, आत्या," मुरली अभिमानाने म्हणाला. "पण परीक्षा माझी नव्हती."